गावातल्या गावात

बुऱ्हाणपूर पाहावयास येणारा पाहुणा बहुधा लालबागेच्या स्थानकावर उतरतो. शाही किल्ला, त्यातील हमामखाना, गांधी चौकातील जामा मशीद, जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा, अशी त्याची यादी ठरलेली असते. मी त्या यादीत माझ्याकडून एका स्थळाची भर घालतो. शहरात शिरण्यापूर्वी त्याला शनवारा दरवाज्याशी नेतो आणि म्हणतो, "दहा मिनिटे येथे उभे राहा आणि काय काय जाते ते पाहा." पाहुणा प्रथम हसतो, मग पाहू लागतो, आणि दहा मिनिटांनंतरचा त्याचा प्रश्नही ठरलेला असतो, "तुम्ही रोज येथून स्कूटर नेता?"

होय, नेतो. पंचवीस वर्षे नेत आलो आहे. या नेण्याविषयीच आज वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण त्यात माझी एक चूक आहे, आणि तिची किंमत मी दिलेली नाही, दुसऱ्या कोणी दिली आहे.

आधी दरवाज्याविषयी. फारुकी घराण्यातील नसीरखानाने १४०० च्या सुमारास तापीच्या काठी हे नगर वसविले आणि शेख बुऱ्हाणुद्दीन या सुफी संताचे नाव त्यास दिले. १६०१ मध्ये अकबराने खानदेशाचे राज्य खालसा केले आणि दक्षिणेत उतरणाऱ्या मोगली फौजांचे हे मोठे ठाणे बनले. १६८१ च्या आरंभी, संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या प्रारंभीच, मराठी घोडदळाने शहरालगतच्या बहादूरपुऱ्यावर अशी झडप घातली की मोगली सुभेदारी हादरून गेली. पुढे अठराव्या शतकात निजाम आसफजाहने शहराभोवती तट उभारला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि नंतर शिंद्यांच्या अमलात गेले. रावेर तालुक्याची शीव तर हाकेच्या अंतरावर. मराठी बोलणारी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, ती अशी.

सांगावयाचा मुद्दा एवढाच की, हे दरवाजे हत्तींसाठी, पालख्यांसाठी आणि बैलांच्या तांड्यांसाठी बांधले गेले. आणि त्याहीपेक्षा वेगाने येणाऱ्या स्वारास मंद करण्यासाठी बांधले गेले. तट बहुतेक ढासळला आहे, परंतु उभे राहिलेले दरवाजे आपले काम अजून इमानाने करीत आहेत. आम्हीच त्यांच्यावर रागावतो.

सकाळी नऊच्या सुमारास दरवाज्याच्या आसपास काय नसते? यंत्रमागावरच्या कापडाचे तागे लादलेला हातठेला असतो. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकावलेली मोटारसायकल, दप्तरे बाहेर लोंबणारी शाळेची रिक्षा, केळीच्या घडांनी भरलेला टेंपो, कानाला मोबाईल लावून मान वाकडी करून चाललेला तरुण, आणि या सर्वांच्या मधोमध निर्विकार रवंथ करणारी गाय. यांपैकी प्रत्येकाचा वेग निराळा. अपघाताचे मूळ पुष्कळदा निव्वळ वेगात नसते, ते वेगांच्या या विसंगतीत असते. दुसरे मूळ याहून खोल आहे. येथून जाणारा प्रत्येक जण हा रस्ता लहानपणापासून जाणतो. अनोळखी वाटेवर माणूस जपून चालतो. ओळखीच्या वाटेवर तो चालत नाही, त्याची सवय चालते.

आमच्या घरी स्कूटर आली ती १९८३ साली. बजाजची चेतक १९७२ मध्ये बाजारात आली होती; राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिलेले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागण्याचे ते दिवस होते. माझे वडील शिक्षक. आमची स्कूटर दाराशी आली तेव्हा आईने तिला कुंकू लावले आणि वडिलांनी मला तिच्याजवळ उभे करून पहिला पाठ दिला. इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे गाडीचा भार उजवीकडे असतो, हे त्यांनी हाताने डोलवून दाखविले. मग चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे चाक दहा इंचांचं. मोटारसायकलचं चाक मोठं, ते खड्ड्यावरून जातं. आपलं लहान, ते खड्ड्यात जातं. म्हणून नजर पुढच्या चाकावर नको, वीस पावलं पुढं हवी." निघण्यापूर्वी दोन्ही चाके अंगठ्याने दाबून पाहणे, जागच्या जागी ब्रेक तपासणे आणि आरसा पुसणे, हा त्यांचा रोजचा नेम होता. देवपूजेइतकाच निश्चित. हेल्मेट मात्र त्यांनी कधी वापरले नाही. आमच्या गल्लीत त्या काळी कोणीच वापरीत नसे. शिरस्त्राणाची सक्ती करणारा मोटार वाहन कायदा पुढे १९८८ मध्ये झाला आणि त्याची सवय आम्हांला लागावयास त्यानंतरही कित्येक वर्षे गेली.

माझे विद्यालय तापीपलीकडे, शहापूरच्या वाटेवर आहे. घरापासून शनवाऱ्यापर्यंतचे अंतर गल्ल्यांचे, पुढचे महामार्गाचे. इंदूरहून इच्छापूरकडे आणि तेथून महाराष्ट्रात जाणाऱ्या या मार्गावर मालमोटारींची रांग अखंड असते. त्या शेजारून गेल्या की वाऱ्याच्या झोताने स्कूटर हातभर सरकते. मला या मार्गाची भीती वाटे, म्हणून मी एक चांगले हेल्मेट घेतले आणि ते न चुकता घालू लागलो. मुख्याध्यापकाने विद्यार्थ्यांपुढे उदाहरण ठेवावे, हाही एक भाव मनात होताच. गावाची मात्र मला कधी भीती वाटली नाही.

सौभाग्यवती माझ्यामागे बसे ती फक्त गावात. देवळात, बाजारात, नातेवाइकांकडे. महामार्गावर तिचे काम नव्हते. तेव्हा घरात हेल्मेट एकच होते, आणि ते एकच आहे ही गोष्ट इतक्या वर्षांत मला कधी खटकली नाही.

२०१७ च्या श्रावणातील मंगळवार. भाचीकडे मंगळागौरीचे हळदीकुंकू होते. सायंकाळी आम्ही निघालो. तिने रेशमी साडी नेसली होती, केसांत जाईचा गजरा माळला होता. मी सवयीने हेल्मेट चढवून पट्टा लावला. ती हसून म्हणाली, "अहो, माझ्या डोक्याला काही नको का?" मी म्हणालो, "अगं, गावातल्या गावात तर जायचंय. गजरा चुरगळेल तुझा."

पाऊस नुकताच पडून गेला होता. आम्ही अगदी हळू चाललो होतो. वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे नसावा. गल्लीच्या वळणावर पुढची रिक्षा प्रवासी दिसताच जागच्या जागी थांबली. मी दचकून उजव्या हातातला ब्रेक आवळला. उजव्या हातात पुढच्या चाकाचा ब्रेक असतो. त्या क्षणी माझे चाक वळलेले होते आणि खाली टेंपोतून पडलेली केळीची ओली पाने होती. चाक थांबले, गाडी घसरली आणि उजव्या अंगावर आडवी झाली. डावीकडे पाय सोडून बसलेल्या माणसाची पाठ उजवीकडे असते, हे मी त्या दिवसापूर्वी कधी विचारात घेतले नव्हते. तिला ना पाय टेकता आला, ना हात. ती सरळ पाठीवर गेली आणि डोक्याची मागची बाजू सिमेंटच्या रस्त्यावर आपटली.

माझेही डोके आपटले. हेल्मेटवर एक लांब ओरखडा उठला. मला काहीही झाले नाही.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. एक केळीवाला आपला ठेला तसाच टाकून धावत आला. शेजारच्या कारखान्यातून सुताचे तंतू अंगाला चिकटलेला एक विणकर आला. केळीवाला म्हणाला, "माट्साब, आप भाभी का सिर सीधा पकड़ो, गाड़ी हम देखते हैं." त्यांनी तिला अलगद रिक्षात ठेवले, विणकर रुग्णालयापर्यंत आमच्यासोबत आला. परतताना त्याने मला हळूच विचारले, "पुलिस में नाम तो नहीं जाएगा?" ज्याने एका अनोळखी स्त्रीचा जीव जपला, त्याच्या मनात ही धास्ती होती. त्याला त्या वेळी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देऊ शकतो: अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी या विषयावरील केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून अशा भल्या माणसास संरक्षण दिले. वाचकांनी ही माहिती आपल्या गल्लीत अवश्य सांगावी. ती माहीत नसल्यामुळे कितीतरी हात पुढे येता येता थांबत असतील.

डोक्यात थोडा रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. आठवड्याभराने ती घरी आली, हिंडूफिरू लागली. थोडक्यात निभावले म्हणून आम्ही तापीवर जाऊन ओटी भरली. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी शाळेतून घरी आलो तो दारातच करपल्या दुधाचा दर्प आला. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन, आटून, भांड्याला लागले होते. आणि ती शेगडीकडे पाठ करून शांतपणे भाजी निवडीत बसली होती. माझ्या ओरडण्याने तिने मागे वळून पाहिले. मग ती उठली, फडताळातून हिंगाची डबी काढली, झाकण उघडून नाकाशी धरली. पुन्हा धरली. डबी परत ठेवताना म्हणाली, "अहो, याला वासच नाही."

डॉक्टरांनी समजावून सांगितले. डोक्याला मागून मार बसला की आतला मेंदू पुढे हिसकला जातो, आणि नाकाच्या छतातून मेंदूकडे जाणारे गंधाचे अतिसूक्ष्म तंतू त्यात तुटतात. कधी ते पुन्हा जोडले जातात, पुष्कळदा जात नाहीत. तिचे जोडले गेले नाहीत. फोडणीचा, पहिल्या पावसाचा, नातवाच्या टाळूचा, आणि ज्याच्यासाठी मी हेल्मेटला नाही म्हटले त्या गजऱ्याचा वास तिच्या आयुष्यातून त्या सायंकाळी गेला. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

आपली चूक एकट्याची नसते, हे पुढे आकडे वाचताना कळले. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील शेकडा ४४ हून अधिक. हेल्मेट न घातलेले असे ५०,०२९ जण त्या वर्षी दगावले आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेले म्हणजे कोण? बहुतांशी कोणाची पत्नी, कोणाची आई, कोणाचे मूल. गाडी चालविणाऱ्याच्या हातात निदान ब्रेक असतो; मागे बसणाऱ्याच्या हातात फक्त विश्वास असतो. कायदा मागे बसणाऱ्यासही हेल्मेट सांगतो, चार वर्षांवरील मुलासही सांगतो. आपण तो पोलीस उभा असेल त्या चौकापुरता वाचतो.

त्यानंतर मी स्कूटर सोडली नाही. सोडणे शक्यही नव्हते. परंतु चालविणे नव्याने शिकलो, आणि गुरू केला तो त्याच शनवारा दरवाज्याला. तो काय शिकवितो ते सांगतो.

पहिला धडा अंतराचा. ताशी वीसच्या वेगाने स्कूटर एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, चाळीसच्या वेगाने अकरा मीटर. ब्रेक दाबावा हे मनाला कळून हात हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणून पुढच्या रिक्षाला चिकटून जाणारा माणूस कितीही कुशल असला तरी ते कौशल्य उशिरा पोहोचते. त्यातही वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबावयास लागणारे अंतर चौपट होते. उलट लाभ किती? घर ते शनवारा दोन किलोमीटर धरले, तर वीसच्या वेगाने सहा मिनिटे लागतात आणि तीसच्या वेगाने चार. त्या दोन मिनिटांत आपण घरी नक्की काय करणार असतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

दुसरा धडा हातांचा. ब्रेक दोन्ही लावावे, चाक सरळ असताना लावावे, आवळू नयेत, दाबीत जावे. वळताना, ओल्या रस्त्यावर, वाळूवर किंवा शेणावर पुढचा ब्रेक एकटा लावू नये. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटीमीटरपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाके एकत्र रोखणारी ब्रेकयंत्रणा देणे बंधनकारक झाले आहे. ती उपकारक खरी, परंतु केळीच्या पानावर तीही हतबल होते. वळण येण्यापूर्वीच वेग कमी केलेला असावा, हे उत्तम.

तिसरा धडा दिसण्याचा. मालमोटारीच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्यास दिसत नाही. तेथे क्षणभरही रेंगाळू नये. २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळतो. सुरुवातीस लोक हात हलवून "दिवा चालू आहे" असे सांगत, आणि मीही कृतज्ञतेने मान हलवीत असे. तो दिवा आपल्याला दिसावे म्हणून नसतो, आपण दिसावे म्हणून असतो. आपण वळणार आहोत, थांबणार आहोत, हे शेजाऱ्यास आधी कळले पाहिजे. रस्त्यावर जो माणूस आपल्या हेतूविषयी इतरांना अंधारात ठेवतो तो मोठा धोकादायक.

चौथा धडा मागे बसणाऱ्याचा. शक्य असेल त्याने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. नसेल तर पदर आणि ओढणी खोचून, पाय आधारावर टेकवून, हाताने पक्के धरून बसावे. मांडीवर पिशव्यांचा ढीग घेऊ नये. आणि डोक्यावर हेल्मेट, तेही आय. एस. ४१५१ हे मानक व आयएसआय चिन्ह असलेले, पट्टा हनुवटीखाली बांधलेला. आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपून डोक्याचा मार शोषतो. म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. ओरखडा उठलेले माझे हेल्मेट मी दुसऱ्याच दिवशी फोडून टाकले.

शेवटचा धडा दरवाज्याचा स्वतःचा: एका वेळी एक. समोरून हातठेला येत असेल तर त्याला आधी येऊ द्यावे. तो माणूस बळाने ओझे ओढीत असतो. एकदा थांबला की पुन्हा सुरू होण्यास त्याला छाती भरून श्वास घ्यावा लागतो. आपल्याला फक्त मनगट पिळावयाचे असते.

आमच्या विद्यालयात दर जानेवारीत रस्तासुरक्षेची शपथ होते. पूर्वी मी ती मोठ्या आवाजात वाचून दाखवी. अलीकडे शपथेनंतर हिंगाच्या डबीची गोष्ट सांगतो. गतवर्षी ती ऐकून आठवीतील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, तुम्हांला हेल्मेट होतं, मग काकूंना का नव्हतं?" साऱ्या सभागृहासमोर मी सांगितले, "कारण मी ते घेतलं नव्हतं." त्या दिवशी मुले घरी जाऊन काय बोलली ठाऊक नाही, परंतु पुढल्या आठवड्यात दोन पालक मला भेटून गेले. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटर देताना आपणही हेच म्हणत होतो, असे एकाने कबूल केले: "सर, गावातल्या गावात तर जातो." बिनागिअरची पन्नास घनसेंटीमीटरपर्यंतची गाडी सोडल्यास अठरा वर्षांखाली परवाना नाही, आणि अल्पवयीन मुलाने अपराध केल्यास २०१९ पासून पालकास वा वाहनमालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी त्यांस सांगितले. परंतु मला वाटते, त्यांना दंडापेक्षा ती डबी अधिक लागली असावी.

वाचकहो, आपण इंदूरच्या राजवाड्याजवळ राहत असाल, ग्वाल्हेरच्या लष्करात किंवा बडोद्याच्या मांडवीपाशी राहत असाल. आपल्या पूर्वजांनी ज्या शहरांत घरे केली ती घोड्यांची आणि पालख्यांची शहरे होती, आणि त्यांतील रस्ते आपण डोळे मिटूनही चालू शकतो. म्हणूनच विनंती आहे की, त्यांवर डोळे मिटू नयेत. आज आपल्या दाराआडच्या खिळ्याकडे पाहावे. घरातून स्कूटरवर जितकी डोकी बाहेर पडतात तितकी हेल्मेटे तेथे आहेत का, एवढेच मोजावे.

आमच्या खिळ्यावर आता दोन आहेत. सौभाग्यवती आपले आधी घालते, पट्टा लावते, मग माझ्या मागे बसते. गजरा ती अजूनही माळते, हेल्मेटखाली थोडा चुरगळतो. गांधी चौकात फुलवाल्यापाशी आलो की मागून विचारते, "अहो, जाई आली आहे का?" मी वास घेऊन सांगतो, "आली आहे." आणि फुले घेण्यासाठी, मागचा आरसा पाहून, हळूच गाडी कडेला घेतो.